बाण लागलेल्या हरणाचा माग: न्यूयॉर्क राज्यातील श्वानपालकांची सेवा

न्यूयॉर्क राज्यात धनुष्यबाणाने पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार करणाऱ्यांसाठी एक फार मोलाची सेवा उपलब्ध आहे. बाण लागून दिसेनासे झालेले हरीण, लांब पट्ट्याला बांधलेल्या प्रशिक्षित कुत्र्याच्या मदतीने शोधून देणारे परवानाधारक श्वानपालक ही सेवा देतात. गेले काही हंगाम मी आणि शिकारीतले माझे सोबती यांनी वेगवेगळ्या श्वानपालकांना बोलावले आहे. काही वेळा हरीण मिळाले, काही वेळा मिळाले नाही, आणि या दोन्ही प्रकारच्या अनुभवांवरून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. सेवा उत्तम आहे आणि प्रत्येक धनुर्धारी शिकाऱ्याने तिचा आधार घ्यावा. मात्र तिचे यश बहुतेक वेळा कुत्रा गाडीतून खाली उतरण्याआधीच ठरलेले असते, कारण बाण लागल्यानंतरच्या पहिल्या तासात शिकारी जे करतो किंवा करायचे टाळतो, त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

बंदुकीच्या शिकारीत ही गरज कमी भासते आणि बाणाच्या शिकारीत जास्त, याचे कारण बाणाच्या कामाच्या पद्धतीत आहे. गोळीच्या आघाताने आसपासच्या ऊती फाटतात आणि हाडे मोडतात, त्यामुळे जनावर अनेकदा जागीच कोसळते. बाणाचे धारदार पाते मात्र केवळ कापते, आणि हरणाचा मृत्यू रक्तस्रावाने किंवा फुफ्फुसे निकामी झाल्याने होतो. दोन्ही फुफ्फुसांतून बाण आरपार गेलेले हरीणसुद्धा शंभरेक मीटर धावून जाते. त्यात आणखी एक अडचण अशी की आधुनिक कंपाउंड धनुष्यातून (टोकांना चाके असलेल्या धनुष्यातून) सुटलेला बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो, तर प्रत्यंचेचा आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट वेगाने हरणाच्या कानावर पोहोचतो. उसळी घेऊन पळण्यासाठी हरीण आधी पाय दुमडून खाली दबते, आणि पंचवीस यार्डांवरून सोडलेला बाण पोहोचेपर्यंतच्या पाव सेकंदात हृदयाच्या रोखाने सोडलेला बाण खांद्याच्या वरच्या भागात बसतो. कधी हरीण नेमके त्याच क्षणी एक पाऊल पुढे टाकते आणि बाण बरगड्यांच्या मागे पोटात शिरतो. राज्याचे नियम धनुष्याचा ताण किमान ३५ पौंड असावा, बाणाचे पाते किमान ७/८ इंच रुंद असावे आणि त्याला किमान दोन धारा असाव्यात, असे सांगतात. पण कितीही सराव केलेल्या तिरंदाजाच्या हातून सुटलेला बाण नेहमी ठरल्या जागीच लागेल याची हमी कोणताही नियम देऊ शकत नाही. बाण लागलेले जनावर शोधणे हे मग शिकाऱ्याचे कर्तव्य होते, आणि ते कर्तव्य डोळ्यांच्या भरवशावर पार पडत नाही तेव्हा ही सेवा उपयोगी पडते.

जखमी हरणाच्या मागावर कुत्रा लावण्याची परंपरा मूळची युरोपातली आहे. जर्मनीत हॅनोव्हर जातीच्या मागाच्या कुत्र्यांसाठी काम करणारी फेराइन हिर्शमान ही संस्था १८९४ सालापासून आहे, आणि तिथल्या चाचण्यांमध्ये कुत्र्याला किमान एक हजार मीटर लांबीचा, अवघे पाव लिटर रक्त वापरून आखलेला आणि वीस तास जुना झालेला माग शेवटपर्यंत काढून दाखवावा लागतो. अमेरिकेत हरणांच्या मागे कुत्रे सोडण्याला बहुतेक राज्यांत बंदी असल्यामुळे मागाचा कुत्रासुद्धा दीर्घकाळ संशयाच्या नजरेने पाहिला गेला. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात खास परवानगीने प्रयोग सुरू झाले, त्यातून डिअर सर्च ही स्वयंसेवी संस्था उभी राहिली, आणि आज राज्याच्या पर्यावरण संवर्धन विभागाची परीक्षा देऊन श्वानपालकाला यासाठी स्वतंत्र परवाना काढावा लागतो. माग काढायला निघण्यापूर्वी त्याने त्या भागातल्या पर्यावरण अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे, आणि कुत्रा सतत पट्ट्यावर असला पाहिजे. या बंधनांचे मला कौतुक वाटते, कारण त्यांच्यामुळे ही सेवा शिकारीचे साधन न होता शिकारीनंतरची जबाबदारी पार पाडण्याचे साधन राहिली आहे. डिअर सर्चची स्वतःची दूरध्वनी व्यवस्था आहे. इतर राज्यांतल्या शिकाऱ्यांना युनायटेड ब्लड ट्रॅकर्स या संस्थेच्या राज्यवार यादीतून आपल्या जवळचा श्वानपालक शोधता येतो.

सेवेची गुणवत्ता फोनवरच कळते, असे माझे ठाम मत झाले आहे. चांगला श्वानपालक "येतो" असे लगेच म्हणत नाही. तो आधी विचारतो की बाण किती वाजता लागला, हरीण कोणत्या कोनात उभे होते, शिकारी मचाणावर किती उंच होता, बाण लागल्याचा आवाज कसा आला, हरणाने उडी मारली की पाठ कमानीसारखी वाकवली, ते धावत गेले की काही अंतरावर जाऊन चालू लागले, शेपटी वर होती की खाली दबलेली, बाण सापडला का, आणि सापडला असेल तर त्याला आत्ता, या क्षणी, कशाचा वास येतो आहे. यानंतर तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारतो: आतापर्यंत त्या मागावर किती माणसे चालून गेली आहेत? या प्रश्नाच्या उत्तरावर तो येण्याचे की न येण्याचे ठरवतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. एका श्वानपालकाने आम्हाला फोनवरच सांगितले होते की तुम्ही वर्णन करता तो बाण पाठीच्या वरच्या स्नायूतून गेलेला दिसतो, हरीण जगेल, आणि माझ्या येण्याने तुमच्या पदरात काही पडणार नाही. नंतर त्या वर्णनातला एकेक तपशील ताडून पाहिल्यावर त्याचे निदान मला पटले. पैशांसाठी धंदा करणारा माणूस इतक्या स्पष्टपणे नकार देत नाही.

हे प्रश्न कशासाठी विचारले जातात हे समजले, की शिकारी उत्तरे देण्यासाठी आपोआप नीट पाहू लागतो. बाणावरचे रक्त गुलाबीसर आणि बारीक बुडबुड्यांचे असेल तर फुफ्फुस फाटलेले असते. रक्त गर्द, जवळजवळ काळपट लाल असेल तर यकृताचा संशय घ्यावा. बाणाच्या पिसांवर हिरवट तपकिरी चोथा चिकटलेला असेल आणि आंबूस, घाणेरडा वास येत असेल, तर बाण कोठ्यातून, म्हणजे जठरातून, किंवा आतड्यातून गेलेला असतो, मग रक्त कितीही लालभडक दिसो. लालभडक पण बुडबुडे नसलेले रक्त हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीचेही असू शकते आणि नुसत्या स्नायूचेही, म्हणून एकट्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही. जागेवर पडलेले केसही बोलतात: पाठीवरचे केस लांब, जाड आणि टोकाला गडद असतात, तर पोटाखालचे पांढरे आणि मऊ असतात. मचाणावरून खाली सोडलेला बाण वरून शिरून आतच अडकला, तर छातीत रक्त साठत राहते आणि जमिनीवर थेंबसुद्धा पडत नाही. त्यामुळे माग कोरडा आहे म्हणजे जखम किरकोळ आहे, असा अर्थ काढणे धोक्याचे ठरते.

शिकाऱ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक समज श्वानपालकांना वारंवार खोडून काढावा लागतो, तो असा की हरणाच्या फुफ्फुसांच्या वर आणि मणक्याच्या खाली एक पोकळ जागा असते आणि तिथून बाण आरपार गेला तरी हरणाला काही होत नाही. अशी पोकळी अस्तित्वात नाही. फुफ्फुसे वर थेट मणक्याच्या खालच्या बाजूला टेकलेली असतात. गफलत होते ती अशी की खांद्यापाशी मणक्याच्या वर उंच काटेरी हाडे आणि जाड स्नायू असतात, म्हणजे मणका आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच खाली असतो. "पोकळीतून" गेलेला बाण वस्तुतः मणक्याच्या वरून, केवळ मांसातून गेलेला असतो. ज्या हरणांसाठी रात्रभर कंदील घेऊन रान पालथे घातले जाते, त्यातली कितीतरी हरणे याच कारणाने मेलेली नसतात.

थांबण्याच्या वेळेबाबत श्वानपालकांचा सल्ला ठरलेला असतो आणि तो पाळलाच पाहिजे. फुफ्फुसाची खात्री असेल तर अर्धा तास, यकृताचा संशय असेल तर चार ते सहा तास, आणि पोटाचा संशय असेल तर आठ ते बारा तास त्या दिशेने पाऊल टाकायचे नाही. पोटात बाण लागलेले हरीण, त्याला कोणी उठवले नाही तर, बहुधा दोनएकशे मीटरच्या आत एखाद्या दाट झुडपात किंवा पाण्याच्या आसपास बसते आणि तिथेच मरते. घाईने मागे गेलेल्या माणसाच्या चाहुलीने ते उठते, भीतीने पुन्हा धावते, आणि चरबी किंवा आतडे जखमेच्या तोंडाशी येऊन रक्त थांबते. मग ते कुठल्या कुठे जाते. पाऊस येणार, कोयोटी (कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) मांस खाणार, उष्णतेने मांस नासणार, या भीती खऱ्या आहेत हे मी नाकारत नाही, आणि रात्रीचे तापमान दहा अंश सेल्सियसच्या वर असेल तर निर्णय खरोखर अवघड होतो. तरीही उठवून घालवलेल्या हरणापेक्षा सकाळी मिळणाऱ्या हरणाची शक्यता केव्हाही जास्त असते.

ही सेवा प्रत्यक्षात कशी चालते हे एका प्रसंगातून सांगतो. ऑक्टोबरच्या अखेरीस माझ्या एका सोबत्याने संध्याकाळी एका नरावर बाण सोडला. बाण सुटता सुटता नर पुढे सरकला आणि बाण बरगड्यांच्या शेवटच्या जोडीजवळ लागला. बाण पलीकडे मातीत रुतलेला सापडला, त्यावरचे रक्त गर्द होते आणि पिसांना पुसटसा आंबूस वास होता. श्वानपालकाने फोनवर ऐकून घेतले आणि सांगितले की बाण आहे तिथेच राहू द्या, त्याच्यापुढे एक पाऊलही टाकू नका, रात्री थंडी पडणार आहे, मी सकाळी येतो. तो आला तेव्हा गवतावर दंव होते. कुत्री राठ केसांची, आखूड पायांची डाक्सहुंड होती, आणि तिला घातलेल्या रुंद पट्ट्याला सुमारे तीस फूट लांब दोर होता. त्याने तिला थेट मागावर सोडले नाही. बाण लागला त्या जागेपासून काही पावले अलीकडे बसवले, पट्टा बदलला, आणि तिला स्वतःहून ती जागा शोधू दिली. ती बाणाच्या भोकाशी आली, तिथे तिने बराच वेळ नाक जमिनीला टेकवून ठेवले, एका पानाचा वास घेऊन त्यावरून जीभ फिरवली, आणि मग मान खाली घालून अगदी संथपणे निघाली.

पहिली साठेक पावले आम्हालाही थेंब दिसत होते. ओढ्याच्या काठावर रक्त संपले. माणसांनी शोध घेतला असता तर इथून पुढे अंदाज सुरू झाले असते, कारण समोर सोनसळी फुलांच्या वाळलेल्या काड्यांचे शेत होते आणि डावीकडे काटेरी गुलाबाची दाट जाळी. कुत्री ओढा ओलांडून पलीकडे गेली, वीसेक पावलांवर थबकली, नाक वर करून परत फिरली, आणि ओढ्याच्या काठाने मोठे वळण घेऊन पुन्हा त्याच जागी आली. श्वानपालक या सगळ्या वेळात एक शब्दही बोलला नाही. दोर हातात सैल धरून तो नुसता उभा राहिला. दुसऱ्या वळणात तिने शेत सोडून जाळीची वाट धरली, आणि त्या काटेरी जाळीत गुडघ्यांवर रांगत शिरल्यावर आम्हाला दबलेल्या गवताची, हरणाच्या अंगाएवढी बैठक दिसली. तिच्या मधोमध हाताच्या तळव्याएवढी काळपट गुठळी होती. श्वानपालकाने ती बोटाने उकरून पाहिली, आमच्याकडे वळून मान हलवली, आणि कुत्रीला पुढे जाऊ दिले. नर पुढच्या उतारावर पडलेल्या हेमलॉकच्या खोडामागे होता, बाण लागलेल्या जागेपासून सुमारे चारशे मीटरवर, आणि अंग ताठरले होते. चिरल्यावर दिसले की बाणाने यकृताची मागची कड कापून कोठ्याला छेद दिला होता. रात्रीच्या थंडीमुळे पुढच्या फऱ्यांचे आणि पाठीचे मांस उत्तम निघाले.

ओढ्यापुढे रक्त नव्हते, तरी कुत्री चालत राहिली, यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हरणाच्या खुराच्या दोन बोटांमध्ये एक गंधग्रंथी असते, आणि प्रत्येक पावलाबरोबर तिचा स्राव जमिनीवर उमटतो. प्रत्येक हरणाचा हा वास वेगळा असतो. चांगला प्रशिक्षित कुत्रा बाण लागलेल्या जागेवर रक्त आणि हा वास यांची जोड मनात घेतो, आणि मग रक्त संपले तरी त्याच एका हरणाच्या पावलांना धरून राहतो. रात्रीत त्या वाटेने चार निरोगी हरणे गेलेली असली तरी तो त्यांच्या मागे वळत नाही, निदान वळू नये अशी अपेक्षा असते. प्रशिक्षणात यासाठीच हरणाचे खूर बसवलेले बूट घालून माग आखले जातात. ओलसर, थंड जमिनीवर वास चांगला टिकतो; हलक्या पावसाने फारसे बिघडत नाही. कोरडी पाने, ऊन आणि वारा मात्र कुत्र्याला फार जड जातात.

यातच सेवेची सर्वांत मोठी मर्यादा दडलेली आहे, आणि ती माणसांनी निर्माण केलेली आहे. शोधणाऱ्यांच्या बुटांच्या तळाला रक्त आणि तो वास लागतो, आणि ते जिथे जिथे फिरतात तिथे तिथे तो पसरतो. पाच माणसांनी ओळ धरून रान पिंजून काढले, की कुत्र्याच्या नाकासमोर एकाऐवजी दहा माग उभे राहतात, आणि त्यातला खरा कोणता हे ठरवायला त्याला कोणी मदत करू शकत नाही. आधी आपण शोधू, नाहीच मिळाले तर कुत्रा बोलावू, असा बहुतेकांचा क्रम असतो. तो उलटा हवा. शेवटचे रक्त जिथे दिसले तिथे चिंधी किंवा कागद बांधावा, आल्या वाटेने, मागाच्या एका बाजूने परत यावे, आणि फोन करावा. ओळ धरून रान पिंजण्याला एकच वेळ योग्य आहे, ती म्हणजे कुत्रा येऊ शकत नाही हे पक्के ठरल्यानंतरची.

न मिळालेल्या हरणांविषयीही लिहिले पाहिजे, कारण या सेवेचे परीक्षण केवळ मिळालेल्या हरणांवरून करणे अन्यायाचे होईल. एका प्रसंगी बाण खांद्याच्या वर बसला होता. कुत्रा एक किलोमीटरहून जास्त चालला, आणि वाटेत एकही बैठक दिसली नाही. हरीण चढणीला सरळ वर गेले होते, त्याने तारेचे कुंपण उडी मारून पार केले होते, आणि रक्त थेंबाथेंबाने कमी होत शेवटी थांबले होते. श्वानपालकाने तिथे दोर आवरला आणि आम्हाला शांतपणे समजावून सांगितले की मरणारे हरीण सहसा इतके अंतर न बसता जात नाही आणि उगाच चढ चढत नाही. काही आठवड्यांनी तोच नर, खांद्यावर भरत आलेल्या जखमेसह, रानात झाडाला लावलेल्या स्वयंचलित ट्रेल कॅमेऱ्यात दिसला. त्या दिवशी हरीण मिळाले नाही, तरी उत्तर मिळाले होते, आणि माझ्या दृष्टीने त्याची किंमत कमी नाही. हरीण मेले की जगले हे न कळता राहणे जीवाला लागून राहते. सर्वच शोध इतक्या स्पष्टपणे संपत नाहीत, हेही खरे. काही वेळा कुत्रा वाहत्या पाण्याशी किंवा रस्त्याशी माग हरवतो आणि श्वानपालक हात टेकतो. जो प्रत्येक वेळी हरीण मिळवून देतो असे सांगतो, त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

सेवेच्या उणिवांमध्ये पहिली म्हणजे उपलब्धता. राज्याच्या दक्षिण विभागात धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, नर माद्यांच्या मागे फिरत असतात तेव्हा, प्रत्येक मचाणावर कोणी ना कोणी बसलेले असते. त्या दिवसांत संध्याकाळी फोन लागणे कठीण, लागला तर श्वानपालक दुसऱ्याच जिल्ह्यात मागावर असतो. ही माणसे आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे काम करतात आणि रात्री दोन वाजता घरी पोहोचून सकाळी कामावर जातात, त्यामुळे तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. पण नव्या शिकाऱ्याने एकाच क्रमांकावर अवलंबून राहू नये. दुसरी अडचण शेजारच्या जमिनीची. जखमी हरणाच्या मागे जाण्याचा हक्क म्हणून न्यूयॉर्कमध्ये कोणालाही दुसऱ्याच्या जमिनीत शिरता येत नाही. मालकाची परवानगी लागतेच, आणि श्वानपालकाचा परवाना त्यातून सूट देत नाही. हद्दीवर येऊन कुत्रा दोर ताणतो आहे आणि मालक फोन उचलत नाही, असा प्रसंग मी पाहिला आहे. शेजाऱ्यांशी उन्हाळ्यातच बोलून ठेवावे, हाच त्यावरचा उपाय आहे.

या सेवेला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंविषयी थोडक्यात. औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड फवाऱ्याच्या बाटलीत भरून नेणे मला अतिशय उपयुक्त वाटते. रक्तातल्या कॅटलेज या विकरामुळे ते रक्तावर पडताच फेसाळते, आणि मेपलच्या पानांवरचे शरदातले लाल ठिपके रक्ताच्या थेंबांपासून वेगळे ओळखता येतात. रक्त उजळून दाखवण्याचा दावा करणारे रंगीत दिवे मी वापरून पाहिले आणि बाजूला ठेवले. साधा, प्रखर पांढरा डोक्यावरचा दिवा त्यापेक्षा सरस आहे. फोनवरच्या नकाशात बाणाची जागा आणि शेवटचे रक्त यांची खूण करून ठेवावी, कारण अंधारात ओळखीचे रानही परके होते. या तिन्ही गोष्टी डोळ्यांना मदत करतात. जिथे डोळ्यांना दिसण्यासारखे काही उरत नाही तिथून पुढे त्यांचा उपयोग संपतो.

कुत्र्यांच्या जातीवरून शिकाऱ्यांमध्ये बरेच वाद चालतात. मी डाक्सहुंड, बव्हेरियन (मागासाठीच वापरली जाणारी एक जर्मन जात) आणि लॅब्रॅडॉर या तिघांनाही काम करताना पाहिले आहे, आणि माझे निरीक्षण असे की जातीपेक्षा दोराच्या दुसऱ्या टोकाचा माणूस जास्त महत्त्वाचा असतो. उत्तम श्वानपालक कुत्र्याला ओढत नाही, स्वतःचा अंदाज त्याच्यावर लादत नाही, आणि आपल्याला रक्त दिसत नाही म्हणून कुत्रा चुकला असे मानत नाही. त्याच वेळी कुत्रा निरोगी हरणाच्या ताज्या मागाला भुलला तर त्याच्या शेपटीच्या आणि मानेच्या बदललेल्या ढंगावरून त्याला ते लगेच कळते, आणि तो शांतपणे त्याला शेवटच्या खात्रीच्या जागी परत आणतो. एकदा मात्र एका श्वानपालकाने सुरुवातीपासून घाई केली, कुत्र्याला दोनदा रागावून पुढे रेटले, आणि अर्ध्या तासात हरीण नाही म्हणून निघून गेला. त्याला आम्ही पुन्हा बोलावले नाही. जिवंत पण गंभीर जखमी हरीण समोर आले तर त्याला तत्काळ वेदनेतून सोडवण्याची वेळही श्वानपालकावर येते, आणि ते काम घाईच्या स्वभावाला झेपणारे नव्हे.

पैशांचे म्हणाल तर डिअर सर्चसारख्या संस्थांचे सदस्य हे काम स्वयंसेवी वृत्तीने करतात आणि देणगी दिली तर स्वीकारतात. इतरत्र ठरावीक शुल्क घेणारेही आहेत, म्हणून फोनवरच विचारून घेणे बरे. आम्ही प्रवासाचे अंतर पाहून पेट्रोलचा खर्च आणि त्यावर काही रक्कम देतो, आणि ती हरीण मिळो वा न मिळो सारखीच असते, कारण कुत्र्याचे आणि माणसाचे श्रम दोन्ही वेळी तितकेच झालेले असतात. हरीण मिळाल्यावर शिकाऱ्याने टॅग (शिकारीच्या परवान्यासोबत मिळणारी नोंदीची चिठ्ठी) तिथल्या तिथे भरावा, आणि त्यानंतर कुत्र्याला काही वेळ हरणाजवळ राहू द्यावे. केस ओढणे, जखम हुंगणे हे त्याचे बक्षीस असते आणि पुढच्या मागासाठीचा उत्साह त्यातूनच टिकतो. बहुतेक श्वानपालक आणखी एक विनंती करतात, ती म्हणजे चिरताना बाण नेमका कोणत्या अवयवातून गेला ते पाहून त्यांना कळवावे, शक्य असल्यास छायाचित्रासह. फोनवर केलेले निदान बरोबर होते की नाही हे ते वहीत नोंदवून ठेवतात, आणि पुढच्या शिकाऱ्याला किती तास थांबायला सांगायचे हे त्या नोंदींवरून ठरते.